रातपाळी, ताण आणि खिशातली गोळी

मालेगावचे एक यंत्रमाग कारखानदार आमचे जुने स्नेही आहेत. चोवीस मागांचा छोटा कारखाना, वडिलांच्या काळापासूनचा धंदा, दिवसपाळीला तीन कारागीर आणि रातपाळीला तीन. काही दिवसांपूर्वी ते आमच्याकडे आले आणि चहा येण्याआधीच त्यांनी खिशातून गोळ्यांची एक रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली. रातपाळीच्या एका मुलाच्या सदऱ्यात ती सापडली होती. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, हात असा की त्याच्या आठ मागांवरचा तागा घडी खात्यात परत तपासावा लागत नसे. गेल्या तीन-चार महिन्यांत मात्र त्याच्याच मागांवर डॅमेज वाढले होते. तुटलेले तार तसेच सुटत होते, कांडी संपली तरी माग चालूच राहत होता आणि एकदा तर तो बीमला टेकून उभ्या उभ्याच झोपलेला आढळला.

स्नेह्यांचा प्रश्न सरळ होता, "भाई, तुम्ही लिहिता-वाचता. सांगा, याला काढून टाकू की ठेवू?"

आम्ही पट्टीवरचे बारीक अक्षरातले औषधाचे नाव मोठ्याने वाचले. अल्प्राझोलम. ते ऐकून स्नेही जरा गप्प झाले. मग म्हणाले, "हे तर माझ्या गोळीचे नाव आहे." एका व्यापाऱ्याचा मोठा चेक परत आला होता, त्या दिवसांत त्यांना झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी ती गोळी लिहून दिली होती. पंधरा दिवसांची दोन वर्षे कधी झाली हे त्यांनाही कळले नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. नंतर जे वाचले, डॉक्टर मंडळींना विचारले आणि कारखान्यांत जाऊन पाहिले, ते येथे देत आहोत. नशेविषयी आपल्याकडे बोलले जाते ते मशिदीत, घरात आणि पोलीस ठाण्यात. कारखान्यात आणि दुकानात, म्हणजे माणूस जागेपणीचा बहुतेक वेळ जिथे घालवतो तिथे, हा विषय कोणी काढत नाही. हे पान धंद्याचे आहे, म्हणून आम्ही तो तिथूनच काढतो.

बारा तासांचा हिशेब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना यंत्रमागाचे शेड आतून कसे असते हे सांगायची गरज नाही. किराणा, बेकरी किंवा चामड्याच्या धंद्यातील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. त्याच्या पोटातली कांडी काही मिनिटांत संपते. ती संपली की माग थांबवून दुसरी घालायची, ताण्याचा तार तुटला की गाठ मारायची, नाहीतर कापडात फट पडते. एका कारागिराकडे असे सहा ते आठ माग असतात. म्हणजे एका मागापाशी उभे असताना बाकी सात माग त्याला मागून हाक मारत असतात. पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या मालावर. वीज गेली की माग बंद, आणि माग बंद तर मजुरीही बंद.

आवाजाचे तर बोलूच नये. कारखान्यांसाठी आपल्या देशात जे नियम ठरले, त्यांत ९० डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावे आणि १०० डेसिबलच्या आवाजात फक्त २ तास, असे कोष्टक आहे. साध्या मागांच्या शेडमधला आवाज ९० ते १०० च्या दरम्यान, कधी त्याहूनही वर असतो. तिथे माणूस बारा तास उभा असतो. शेजाऱ्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात. दिवसभरात दोन शब्द बोलून मन मोकळे करणे ही गोष्ट दुकानदाराला सहज मिळते, माग चालवणाऱ्याला ती मिळत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा तासांना दुप्पट मजुरी अशी चौकट घालून दिली होती. विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना ती लागू होती. एका छपराखाली चार नावांनी चार कारखाने दाखवून ही चौकट कशी चुकवली गेली हे आमच्या कारखानदार वाचकांना आम्हापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

ताण कोणता आणि नुसते कष्ट कोणते

"आम्ही काय कमी कष्ट केले? वडील सोळा तास हातमागावर बसत, त्यांनी कधी गोळी खाल्ली नाही," असे बुजुर्ग म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही आणि त्यातच एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने कामाच्या ताणाविषयी एक मांडणी केली, ती आजही जगभर वापरली जाते. तिचा गाभा असा की काम जड आहे म्हणून माणूस मोडत नाही. काम जड आहे आणि ते कसे, कधी, किती करायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती अजिबात नाही, अशा ठिकाणी तो मोडतो. हातमागावर बसणारा आपला वेग स्वतः ठरवत असे. नमाजाला उठत असे, पाहुणा आला तर थांबत असे, मुलगा कांडी भरून देत असे. यंत्रमागावर वेग मोटार ठरवते.

पुढे १९९६ साली जर्मनीच्या योहानेस झीग्रिस्ट यांनी यात दुसरी बाजू जोडली. जितके ओतावे तितके पदरात पडत नाही, मग ते पैशाच्या रूपाने असो, मानाच्या किंवा उद्याच्या भरवशाच्या, तेव्हाही तोच परिणाम होतो. डोक्यावर मालकाची उचल असलेल्या कारागिराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आठवड्याचा हिशेब होतो, उचलीचा हप्ता कापला जातो, हातात काय आले ते मोजायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा थोडी उचल मागायची.

आता शरीराकडे वळू. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडते. नाडी वाढते, स्नायू ताठ होतात, झोप पळते. ही व्यवस्था काही काळापुरती आहे. धोका टळला की शरीराने खाली उतरावे अशी तिची रचना आहे. आठ मागांच्या मध्ये धोका टळत नाही. तो बारा तास चालू राहतो. सकाळी सात-आठला रातपाळीचा मुलगा बाहेर पडतो तेव्हा शरीर थकलेले असते आणि आतली यंत्रणा मात्र चालूच असते. त्यात डोक्यावर पत्रा, एका खोलीत सहा-सात जण, बाहेर मोहल्ल्याचा दिवस सुरू झालेला आणि मेंदूतल्या घड्याळाच्या हिशेबाने ती जागण्याची वेळ. त्याला झोप येत नाही. संध्याकाळी पुन्हा पाळी. आठवड्याने पाळी बदलते, म्हणजे कुठे थोडी सवय होऊ लागली की सगळे उलटते.

नशेची गरज इथे जन्मते. रात्री शरीराला वर चढवणारे काहीतरी हवे असते आणि सकाळी खाली उतरवणारे काहीतरी. रात्रीसाठी कडक चहा, तंबाखू, गुटखा. सकाळसाठी गोळी, खोकल्याचे सिरप, काहींसाठी दारू. चढवणाऱ्याचा जोर वाढला की उतरवणाऱ्याचा वाढवावा लागतो, आणि उतरवणाऱ्याची गुंगी राहिली की रात्री पुन्हा चढवणारे जास्त लागते. मजा म्हणून सुरू करणारेही असतील, नाही असे नाही. परंतु आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांचे पहिले वाक्य "झोप लागत नव्हती" किंवा "पाय दुखत होते" हेच होते.

पुडीची लबाडी

कापड कारखान्यांत बिडीपेक्षा पुडी जास्त चालते. हवेत रुई उडत असते, बिडी पेटवली तर शेड पेटायचे. मालक बिडीला सक्त मनाई करतो आणि पुडीकडे दुर्लक्ष करतो. तोंड चालू राहिले की झोप येत नाही, हात रिकामे राहतात आणि मागापासून हलावे लागत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते हे मात्र शाळेतले पोरही सांगेल.

तंबाखू खाणारा हमखास सांगतो, "याने टेन्शन कमी होते." त्याला तसे वाटते हे खरे, पण त्यामागची गंमत समजून घ्यावी. तंबाखूतील निकोटिन शरीरातून झपाट्याने ओसरते, साधारण दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ते ओसरले की अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची पुडी ही अस्वस्थता दूर करते आणि माणसाला वाटते की कामाचा ताण गेला. वास्तविक गेला तो मागच्या पुडीने आणलेला ताण. कामाचा होता तो जागच्या जागीच आहे. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांवरील २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांचा ताण, चिंता आणि उदासी सोडल्यानंतर वाढली नव्हती, कमी झाली होती. सुरुवातीचे काही आठवडे कठीण जातात एवढेच.

तोंडाच्या कर्करोगाविषयी येथे लिहीत नाही. ज्या घरात तो शिरला आहे त्या घराला माहीत आहे.

"दवा आहे, दारू नाही"

गेल्या काही वर्षांत मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने जो माल पोलिसांनी वेळोवेळी पकडला तो अल्प्राझोलमचाच. ही मुळात चिंता आणि घबराटीच्या आजारावरची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी द्यायची गोळी. तिच्या जोडीला कोडीन असलेले खोकल्याचे सिरप. कोडीन अफूच्या वर्गातले आहे आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतो. पायदुखी-कंबरदुखीसाठी घेतली जाणारी ट्रॅमाडोलची गोळीही त्याच कुळातली.

आपल्या मोहल्ल्यांत या वस्तू पसरण्याचे एक कारण आम्हाला स्पष्ट लिहावेसे वाटते. दारूला जो हात लावणार नाही, दारूच्या दुकानासमोरून जाताना जो मान खाली घालेल, तोच मुलगा गोळी घेताना म्हणतो, "ही तर दवा आहे." बाटलीला वास येतो, गोळीला येत नाही. आईला कळत नाही, जमातीत शेजारी उभ्या राहणाऱ्याला कळत नाही. नशा आणणारी वस्तू प्यायची असो की गिळायची, तिचा हुकूम एकच, हे उलमांनी कितीतरी वेळा सांगितले आहे. पण तो मुलगा स्वतःला नशेबाज समजतच नाही, त्यामुळे ते बोल आपल्यासाठी आहेत असे त्याला वाटत नाही.

कायदा या बाबतीत ढिला नाही. अल्प्राझोलम, कोडीन, ट्रॅमाडोल ही औषधे २०१४ पासून 'एच-वन' अनुसूचीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि औषध दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि त्याची मात्रा वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. चोरट्या विक्रीला १९८५ चा अमली पदार्थ कायदा लागतो. आमच्या वाचकांत औषध दुकानदारही आहेत, त्यांनी ती वही एकदा उघडून पाहावी. २०१९ साली दिल्लीच्या एम्समधील व्यसनोपचार केंद्राने देशभरच्या पाहणीचा अहवाल दिला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील शंभरात एकाहून थोडे अधिक लोक झोपेची किंवा शामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेत होते. आकडा लहान दिसतो, पण देशाच्या लोकसंख्येत तो एक कोटीच्या पुढे जातो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि हा मजकूर वाचून कोणी एवढीच लक्षात ठेवली तरी चालेल. ही गोळी महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याची ती एकदम तोडायची नसते. कित्येक घरांत आणि कारखान्यांत हेच केले जाते. मुलाला चार दिवस खोलीत कोंडतात, बाहेरून कडी लावतात, "तडफडेल आणि सुटेल" म्हणतात. अल्प्राझोलम एकाएकी बंद केले तर एक-दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, भयंकर घबराट सुरू होते आणि काहींना आकडी येते. त्या आकडीत जीव जाऊ शकतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचेही तसेच. दोन-तीन दिवसांत भ्रम आणि आकडी येऊ शकते. मात्रा किती आणि कशी उतरवायची हे डॉक्टरने ठरवायचे असते, त्याला कधी आठवडे तर कधी महिने लागतात. शिवाय गोळी, सिरप आणि दारू एकत्र घेतली तर श्वास मंदावतो आणि झोपेतच थांबू शकतो.

चामड्याच्या आणि बॅगांच्या धंद्यातील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे नशा बाहेरून आणावीच लागते असे नाही. बंद खोलीत ज्या सोल्यूशनने तळवे आणि अस्तर चिकटवतात त्यातील टोल्युईनसारख्या द्रवांची वाफ स्वतःच मेंदूवर चढते. "वास घेतल्याशिवाय बरे वाटत नाही," असे एखादा कारागीर सांगू लागला तर आधी खिडकी उघडा आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. बोलणे मग करा.

पुडी कोण देतो?

हा भाग लिहिताना काही वाचक नाराज होतील याची कल्पना आहे. रातपाळी ओढून न्यावी म्हणून चहाबरोबर पुडीचे पैसे देणारे मालक आहेत. ऑर्डर अडली असताना "याला दे रे काहीतरी, सकाळपर्यंत माग थांबता कामा नये" म्हणणारे जॉबर आहेत. मुलगा गोळी खातो हे ठाऊक असून उचल देत राहणारे आहेत, कारण उचल डोक्यावर असली की तो दुसरीकडे जात नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतातील द्राक्षमळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मजुरांच्या मजुरीचा काही भाग स्वस्त दारूच्या रूपात दिला जाई. त्या पद्धतीला 'डॉप' म्हणत. मजूर मळ्याला बांधलेला राही आणि मालकाची न खपलेली दारूही संपे. १९६० च्या दशकात तिच्यावर कायद्याने बंदी आली, पण प्रत्यक्षात ती त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली. त्या भागात गर्भातच दारूची बाधा झालेल्या मुलांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. मळे मोठे झाले, मळ्यावर राबणाऱ्यांची पुढची पिढी आईच्या पोटातच अधू झाली. चहाबरोबरची पुडी आणि 'डॉप' यांची तुलना कोणाला फार वाटेल, तर त्यांनी आपल्या रातपाळीचा खर्च एकदा लिहून काढावा.

मालकाचाही ताण असतो, तो आम्ही नाकारत नाही. सुताचा भाव आज एक, उद्या एक. माल गेला तरी पैसे दोन-तीन महिन्यांनी, तेही दलालाच्या मर्जीने. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, एकामागून एक आलेल्या या धक्क्यांत कितीतरी माग भंगारात गेले. आमच्या स्नेह्यांना झोपेची गोळी उगाच लागली नाही. फरक इतकाच की त्यांची गोळी चिठ्ठीवर येते, पांढऱ्या पिशवीत येते आणि त्यांना कोणी नाव ठेवत नाही.

मग करायचे काय?

व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांविषयी एक प्रसिद्ध अभ्यास आहे. तिथे हेरॉईन स्वस्त आणि मुबलक होते, आणि १९७१ च्या सुमारास साध्या सैनिकांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्याला त्याचे व्यसन लागले होते. सरकार घाबरले, कारण ही मुले घरी येणार होती. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. भीती, कंटाळा, घरापासूनचे अंतर आणि हाताशी असलेला माल, हे सगळे मागे राहिले आणि बहुतेकांचे व्यसनही तिथेच राहिले. प्रत्येकाचे असे होईल असा याचा अर्थ नव्हे. परंतु माणूस जिथे राबतो ती जागा तशीच ठेवून फक्त माणसाला सुधारायला निघालो तर हाती काय लागेल, हे यावरून समजते.

आमच्या स्नेह्यांशी आम्ही हा हिशेब मांडला. चोवीस माग, दोन पाळ्या, सहा कारागीर. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर नऊ कारागीर लागतील. मजुरी मालावर असल्याने मालकाचा एकूण मजुरीखर्च फारसा वाढत नाही, पण प्रत्येक कारागिराची कमाई एक तृतीयांशाने घटते आणि तो ते कबूल करणार नाही. दर वाढवायचे तर शेजारचा कारखाना बारा तासांवर स्वस्तात माल काढतो. एकट्याने हे जमण्यासारखे नाही, संघटनेने मिळून ठरवले तरच जमेल. आठ तासांची पाळी उद्यापासून करा असे सांगून टाळ्या मिळवणे सोपे आहे, आम्ही ते करत नाही.

जे एकट्याने जमते ते मात्र कमी नाही. बारा तासांत अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या, आणि त्या वेळी शेडच्या बाहेर बसायला जागा. कानात घालायचे फोमचे बोळे, किंमत अगदी किरकोळ. पाळी बदलताना एकाच माणसाला सलग दोन पाळ्या करायला न लावणे. परगावच्या कारागिरांना दिवसा झोपायला अंधारी, हवेशीर खोली. पत्र्यावर पांढरा चुना मारला तरी उन्हाची काहिली कमी होते. उचल आणि कपातीचा हिशेब कारागिराच्या हातात लेखी. पुडीचे पैसे बंद, त्याऐवजी मध्यरात्री काही खायला. यातली एकही गोष्ट चोवीस मागांच्या मालकाला न परवडणारी नाही. मजुरी वेळेवर देण्याबाबतची ताकीद तर आपण जुम्याच्या खुतब्यात लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

जो आधीच अडकला आहे त्याला नशेत मागावर मात्र उभे करू नये. उडालेला धोटा डोळा फोडतो आणि पट्ट्यात सापडलेला हात परत मिळत नाही. त्याला कांडीवर किंवा घडीवर बसवावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली कामाच्या ठिकाणच्या दारू व अमली पदार्थांच्या प्रश्नावर एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. व्यसनाकडे इतर आजारांसारखेच पाहावे, उपचार घेणाऱ्याची नोकरी शक्यतो राखावी आणि त्याची गोष्ट चारचौघांत करू नये, असा तिचा रोख आहे. नोकरी गेली की ताण वाढतो आणि मोकळा वेळही वाढतो. गोळीला याहून चांगली जमीन नाही.

उपचाराची भीती अनेकांना पोलिसांमुळे वाटते. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-ए नुसार केवळ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारास तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही धरलेले आहेत आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. बाबा-बुवांच्या दारात बांधून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे केंद्र तर महाराष्ट्राला परिचित आहेच. सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६, आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्हीकडे फोन फुकट लागतो. २०१९ च्या त्याच अहवालात दारूचे व्यसन असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याची नोंद होती.

स्नेह्यांनी मुलाला काढले नाही. दीड महिना तो दिवसपाळीला घडी खात्यात आहे, डॉक्टर गोळीची मात्रा थोडी थोडी उतरवत आहेत. पुडी अजून सुटलेली नाही. त्याच्या आठ मागांवर दुसरा कारागीर ठेवावा लागला आणि घडीवर बसलेल्यालाही रोज द्यावाच लागतो. "या दुहेरी मजुरीचे मला कोण देणार?" असे स्नेह्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीन महिन्यांच्या डॅमेज मालाचे किती गेले ते वहीत पाहा, एवढेच म्हणालो. त्यांनी वही पाहिली आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

पहिल्या दिवशी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा केसपेपर दोन काढले, एक मुलाचा आणि एक स्वतःचा. पुढची तारीख दोघांनी जुम्याची मागून घेतली, कारण त्या दिवशी माग बंद असतात.